कळपाच्या चालीचा कॉम्प्युटर

सरांच्या घरात उघडी अशी वस्तूच नव्हती. माठाला घोंगडीचा तुकडा गुंडाळलेला, स्कूटरच्या सीटवर घोंगडीचा तुकडा, मोबाइलला घोंगडीची पिशवी आणि मिक्सरला घोंगडीचं टोपडं. काळी, खरखरीत, जरा उग्र वासाची लोकर. "थंडीत ऊब देती, उन्हात गारवा देती, पावसात पाणी आत येऊ देत न्हाय. याच्याफुडं तुमचं शास्त्र कुठवर गेलंय सांगा," असं ते मला विचारायचे. मी तोंड उघडायच्या आत काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "त्यांच्या नादी लागू नका हो. लग्नात मला पण गुंडाळणार होते, माझ्या बापानं अडवलं म्हणून वाचले."

मी बारामतीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागले, तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. खोली बघायला गेले त्या दिवशी सकाळपासून घरमालकांचे प्रश्न ऐकून माझं डोकं उठलं होतं. लग्न झालंय का, मटण करता का, पाहुणे किती येतात. सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या गावच्या घरातलं सांडपाणी कुठल्या नदीला जातं?"

मी वैतागून म्हटलं, "गटाराला."

सर एवढे खूश झाले की त्यांनी काकूंना बाहेर बोलावून घेतलं. "ऐकलं का? पयलं गटारालाच जातं! लोक एकदम कृष्णा-कोयना सांगून मोकळं व्हत्यात. आपलं गटार कऱ्हेला, कऱ्हा नीरेला, नीरा भीमेला. क्रम चुकवायचा न्हाय." खोली मला मिळाली. सर भूगोलाचे निवृत्त मास्तर आहेत हे मला नंतर कळलं, पण अंदाज त्याच वेळी आला होता.

ते मूळचे अंथुर्ण्याचे. घर मेंढपाळाचं. वडील मेंढरं राखायचे, नंतर थोरले भाऊ तात्या. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. सर तेवढे शाळेत गेले. शाळेत गेले तरी कळप काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून एकदा तरी कुठंतरी बसवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "कळप शेवटच्या मेंढराच्या चालीनं चालतो." वरात लांबली तर हेच, एसटीला उशीर झाला तर हेच, काकूंचा गुडघा दुखला तर हेच. मंडईत आमच्या पुढं एखादी म्हातारी पिशवी घेऊन चालली असेल, तर सर तिच्यामागं तिच्याच चालीनं चालायचे. मला घाई असायची. मी चडफडत त्यांच्या मागं चालायचे.

शिकवतानाही तसंच. शेवटच्या बाकावरच्या मुलाचा नकाशा काढून होईपर्यंत सर फळा पुसायचे नाहीत. परिणाम असा, की अभ्यासक्रम कधी पुरा झाला नाही. मुख्याध्यापक बोलावून झापायचे आणि सर शांतपणे ऐकून परत येऊन तोच नकाशा चालू ठेवायचे.

एका दुपारी ते जिना चढून वर आले. हातात एक जुना हँडीकॅम आणि एक हार्ड डिस्क, दोन्ही अर्थातच घोंगडीत. एरवी मी त्यांची 'मॅडम' असायचे. मन खुललं किंवा दुखलं तर 'पोरी'. त्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "पोरी, तात्या जेवत न्हाय."

मग बसून सगळं सांगितलं. काचबिंदूनं तात्यांचे डोळे गेले होते. मुलं नोकरीधंद्याला लागलेली, मेंढरांमागं चालायला कोणी उरलं नाही, म्हणून कळप विकला. तेव्हापासून तात्या भिंतीकडं तोंड करून बसून राहायचे. कोणाशी बोलणं नाही. ताट समोर आलं की दोन घास चिवडायचे आणि भूक न्हाय म्हणून सरकवायचे. डॉक्टर म्हणाले पोटात काही दोष नाही.

"कळप चालत असला की तात्या घास तोंडात घालत न्हवता," सर म्हणाले. "कळप थांबला, मेंढरं बसली, रवंथ करायला लागली, की मंग फडक्यातली भाकर सोडायचा. सारं आयुष्य तसंच जेवला. आता कळपच न्हाय तर थांबणार काय आन् जेवणार कवा? त्यानं मेंढरं राखली म्हणून म्या शाळा शिकलो. आन् त्यो असा वाळत चाललाय. पावसाळा बघतो का न्हाय, मला भ्या वाटतंय."

मी पाणी दिलं.

त्यांचा बेत असा होता. नोकरीत असताना दर वर्षी सुट्टीत ते काही दिवस तात्यांच्या कळपाबरोबर चालायचे आणि वर्गात दाखवायला म्हणून हँडीकॅमवर घाट, ओढे, माळ काढायचे. लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी त्या सगळ्या कॅसेट हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. ते तात्यांना ऐकवायचं. पण अंथुर्ण्याच्या घरातला टीव्ही त्या फायली उघडत नव्हता, आणि मोबाइलवर लावलं तर डब्यात कोंबडी कोंडल्यासारखा आवाज यायचा.

"मला टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर पायजे. लहान, स्वस्त, माझ्या पेन्शनीत बसंल असा. पर आवाज येक नंबर. आन् स्वतः जरासुदिक वाजायला नको. तुमी संगं चला. पार्ट मी निवडणार."

शेवटचं वाक्य ऐकून मला धास्ती वाटली होती, आणि ती खरी ठरली.

भिगवण रस्त्याला दुकान होतं. दुकानदार सरांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं वाकून पायाला हात लावला आणि उभा राहत म्हणाला, "सर, आमचा युरोप राहिलाच. सह्याद्री उतरायच्या आत परीक्षा आली."

"युरोप कुठं जातोय? तितंच हाय," सर म्हणाले. "तू कॅबिनेट दाखव."

त्यानं हौसेनं काचेचं कॅबिनेट काढलं. आत लाल, निळे, हिरवे पंखे फिरत होते. सर हात मागं बांधून त्याच्याभोवती फिरले. "ही जत्रा कुणाच्या दारात लावायची?" म्हणाले. मग दुकानदारानं ग्राफिक्स कार्ड काढलं, खोक्यावर एक राक्षस छापलेलं. सरांनी ते हातात तोलून विचारलं, "हे खातंय किती?" विजेबद्दल विचारत होते. दुकानदारानं आकडा सांगितला. "येवढं खाणार आन् करणार काय? मेंढरं रंगीत करणार? ऱ्हाऊ दे."

मी सांगत होते की ज्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असतं असा साधा घेतला तरी आपलं काम भागेल. दुकानदार मात्र महागातला गळ्यात मारायला बघत होता. सरांनी त्याला थांबवलं. "मला सांग, हा पळणारा प्रोसेसर घेतला, आन् रॅम साधी, डिस्क साधी. तर ह्यो फुडं जाऊन काय करणार?"

"बाकीच्यांची वाट बघणार, सर."

"मंग! कळप शेवटच्या मेंढराच्या चालीनं चालतो. मला सगळी एका चालीची दे." वर्गात हीच गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला अख्खा तास लागायचा. एवढंच मी सरांचं कौतुक करेन, कारण पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी इतका छळ केला की ते सगळं फिटलं. रॅमची पट्टी दिव्याकडं धरून बघितली. प्रत्येक वस्तूचा वास घेतला. जुनी रॅम स्वस्तात मिळत होती ती नाकारली, कारण मेंढराचं वय दातांवरनं कळतं आणि "हिला दातच न्हाईत, वय कसं वळखायचं?" मी म्हटलं, सर, तिच्यावर तारीख छापलेली असते. ते म्हणाले, "बाजारात वय चोरायला मेंढराचं दात घासून आणणारी माणसं म्या बघितल्यात."

पंख्यावर तर ते अडूनच बसले. पंखा नकोच. दुकानदार म्हणाला, लहानसा आहे, ऐकूसुद्धा येत नाही. सरांनी तो चालू करायला लावला, डोळे मिटले आणि कान लावून उभे राहिले. गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली.

"येतोय आवाज," सर म्हणाले. मग त्यांनी आम्हाला कारण सांगितलं. लोक कळपाच्या पुढच्या मेंढराला घंटी बांधतात, तात्या शेवटच्याला बांधायचे. जे लंगडं, म्हातारं, मागं राहणारं, त्याच्या गळ्यात घंटी. तात्या स्वतः सगळ्यांत पुढं चालायचे आणि कान मागं ठेवायचे. घंटी बारीक झाली की कळप लांबला असं समजायचं, शिट्टी मारायची आणि थांबायचं. "ती घंटी लई लांबनं येती. त्यात हा पंखा घूं घूं करायला लागला, तर तात्या विचारंल, ही कुणाची मोटार चाललीया?"

दुकानदार आत गेला आणि पंख्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असलेलं एक बारकं कॅबिनेट घेऊन आला. वीज द्यायला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर, आणि फिरणाऱ्या डिस्कऐवजी न वाजणारी एसएसडी. या सगळ्यात वाचलं ते सर स्पीकरवर घालायला निघाले. दुकानदारानं स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना कसे लावायचे ते समजावून सांगितलं.

"टीव्हीकडं न्हाय. पाठीमागं लावायचं," सर म्हणाले. "तात्या फुडं चालायचा. मेंढरं मागनं येत्यात."

कॉम्प्युटर मी सरांच्या जेवणाच्या टेबलावर जोडला. काकूंनी टेबल पुसून दिलं आणि माझ्यामागं उभं राहून "ही चिप्पी एवढी महाग?" असं प्रत्येक पार्टबद्दल विचारत राहिल्या. सगळं चालू झाल्यावर आम्ही पहिली फाइल लावली. आवाज सुरेख होता, आणि पडद्यावर फक्त खूर. मग माती. मग सरांची वहाण. मग बराच वेळ सरांचा अंगठा. दुसरी फाइल लावली, त्यातही तेच.

काकू म्हणाल्या, "एवढी वर्षं पायाचंच शूटिंग केलंत होय? मुलांना काय दाखवायचात?"

"सह्याद्री," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मी त्यांना बजावून सांगितलं. पंखा नाही, म्हणजे याची सगळी गरमी या पात्यांतून बाहेर जाणार. चारी बाजूंनी बोटभर का होईना, जागा मोकळी पाहिजे. यावर काही ठेवायचं नाही, काही घालायचं नाही. सर मान हलवत होते. घोंगडीच्या तुकड्याला दाभण घालून ते काहीतरी शिवत होते, तिकडं मी लक्ष दिलं नाही. ते कायमच काहीतरी शिवत असायचे.

गुढीपाडवा झाल्यावर आम्ही एसटीनं अंथुर्ण्याला गेलो. सरांनी कॉम्प्युटर पिशवीत घालून मांडीवर घेतला होता आणि खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक ओढ्याचं नाव मला सांगत होते. लासुर्णं गाव मागं पडल्यावर मात्र नावं थांबली. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "त्यानं ऐकून पन तोंड फिरवलं तर?" मी म्हटलं, नाही फिरवणार. मला तरी कुठं ठाऊक होतं.

तात्या आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. उंच हाडाचा माणूस, अंगावर मांस असं उरलं नव्हतं. सरांनी पायाला हात लावला. "आलास?" एवढंच म्हणाले, तोंड भिंतीकडंच. तात्यांच्या सुनेनं खाटेखाली झाकून ठेवलेलं ताट मला खुणेनं दाखवलं. भाकरी तशीच होती.

मी खाटेच्या मागं वाकून स्पीकरच्या वायरी लावत बसले. तोवर सरांनी कॉम्प्युटर टीव्हीजवळच्या फळीवर मांडून चालू करून ठेवला. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी फाइल लावली.

आधी वारा आला. मग खूर. मग तात्यांच्या पाठीमागून ती खोली मेंढरांनी भरून गेली. बें बें, खोकणं, कुत्र्याचं एकदाच भुंकणं, आणि पार लांब, अगदी बारीक, घंटी. मी तात्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. काही हललं नाही. मग हळूच त्यांचं डोकं वर झालं. भिंतीकडचं तोंड वळलं आणि कान मागं गेला.

आणि टीव्ही काळा झाला. आवाज तुटला.

वरचा दिवा तर चालूच होता, म्हणजे वीज गेली नव्हती. सरांनी बटण दाबलं. पुन्हा चालू झालं, वारा आला आणि पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा तर वारासुद्धा आला नाही. सर त्या फळीपुढं इतके केविलवाणे होऊन उभे राहिले, की मला ते दुकानात छळणारे सर हवेसे वाटले.

"का थांबलं?" तात्यांनी विचारलं.

सून दारातून एकदम आत आली. तात्यांनी आपण होऊन कधी काही विचारलं होतं, ते तिलाही आठवत नसावं.

"मशीन बसलं, तात्या," सर म्हणाले.

"कुठाय?"

तात्या उठले. भिंतीला हात लावत आले. सरांनी त्यांचा हात धरून कॉम्प्युटरवर ठेवला. तात्यांची बोटं एका जागी थांबली, मग सगळीकडून फिरली, आणि तेव्हा मी पाहिलं. कॉम्प्युटरला घोंगडीचा अंगरखा होता. मापाला बरोबर बसवलेला, वायरींना भोकं ठेवलेला, खाली नाडी बांधलेला.

"हे घोंगडं कुणी घातलं याला?"

"म्या. धूळ बसू नये म्हणून. उन्हात गार ऱ्हातं..."

"आरं, शिमगा होऊन गेला, पाडवा झाला, आन् अजून लोकर अंगावर?" तात्यांचा आवाज चढला. "चैतात मेंढरू कातरल्याबिगर कोन ठेवतं रं? तापलंय बग कसं! जीव घेतोस का त्याचा? मास्तर झालास आन् येवढं इसरलास व्हय?"

सर सत्तरीचे. मान खाली घालून उभे होते, नाकावरून पाणी ओघळत होतं, आणि तोंडभर हसत होते. "चुकलं, तात्या," एवढंच म्हणत होते. मीही डोळे पुसले, लपवायचं काही कारण नव्हतं.

तात्यांनी नाडी चाचपून सोडली आणि घोंगडी ओढून काढली. "दम खाऊ द्या त्याला," म्हणाले. खाटेवर परत गेले नाहीत, तिथंच फळीजवळ पाट मागून बसले आणि एक हात त्या पात्यांवर ठेवला. स्पीकर मी उचलून त्यांच्या पाठीमागं आणले. पाती निवेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग तात्या म्हणाले, "निवलं. लावा."

पुन्हा वारा, पुन्हा खूर. कळप घाट चढत होता, दगडांवरून खूर घसरत होते. तात्या पाटावर बसल्या बसल्या किंचित पुढं झुकले होते. मागची घंटी बारीक होत गेली. आणखी बारीक. मला तर ती ऐकू यायची बंद झाली होती.

तात्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की सुनेच्या हातातला तांब्या पडला. आणि लगेच, तिच्या पाठोपाठ, स्पीकरमधून तीच शिट्टी आली. खूर थांबले.

"कोन पोरगं हाय रं हे?" तात्यांनी विचारलं.

"तूच हायस, तात्या."

तात्यांनी थोडा विचार केला. "बेस मारायचो की," म्हणाले.

स्पीकरमधून मेंढरं बसल्याचे आवाज येत होते. एकामागून एक, गुडघे टेकल्याचे. घंटी हळूहळू जवळ आली आणि थांबली. मग सगळीकडून बारीक कुरकुर सुरू झाली, रवंथाची. ती इतकी हळू होती, की पंखा असता तर खरंच ऐकू आली नसती.

तात्यांनी पात्यांवरचा हात काढून धोतराला पुसला. "सूनबाई," ते म्हणाले, "माजी भाकर हिकडं दे. मेंढरं थांबल्याती तवर खाऊन घेतो."

सुनेनं ताट आणून समोर ठेवलं. तात्यांनी भाकरी मोडली. ते सावकाश जेवत होते, कुठलीही घाई नसल्यासारखे. पडद्यावर सरांचा अंगठा होता. कळप उठून चालायला लागायची वेळ जवळ आली की सर कीबोर्डवर वाकायचे आणि हळूच मागं न्यायचे, पुन्हा मेंढरं बसायची, पुन्हा घंटी येऊन थांबायची. तात्यांच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण ताट पुसून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत, आणि सरांनी कळपाला उठू दिलं नाही.